शनिवारी न पुसणारा डस्टर

मी एक डस्टर. जन्म सोलापूरकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. पाठ सागवानी म्हणून विकली गेली, प्रत्यक्षात बाभळीची आहे. पोटाला लोकरीच्या पट्ट्या. माझ्याबरोबरचे अकरा भाऊ शाळांमध्ये गेले आणि तिथल्या मास्तरांनी त्यांना पोरांच्या पाठीत फेकून फेकून संपवलं. मी तेवढा धाराशिवला, विद्यापीठाच्या केंद्रात, गणित विभागात आलो. म्हणजे मी उच्चशिक्षित आहे. फळ्यावरचं सगळं मी वाचून मगच पुसतो, निदान लोकांना तसं सांगतो.

माझे मालक प्राध्यापक हनोख वाक्रूळकर. बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. मूळ घर अलिबागकडे. पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून ठेवायचे. सर इथं आले तेव्हा लोकांना त्यांचा काही पत्ता लागेना. आडनाव मराठी, बोलणं मराठी, आणि माणूस देवळातही दिसत नाही, मशिदीतही नाही, चर्चमध्येही नाही. शेवटी विभागाचे शिपाई दगडोबा यांनी निकाल लावला, "शनवार पाळतेत न्हवं? मग मारुतीचंच असंल कायतरी." बावीस वर्षं हाच निकाल कायम राहिला. सरांनीही अपील केलं नाही.

हा शनिवार शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसल्या की संपतो. तेवढ्या वेळात सर लिहीत नसत. आणि पुसतही नसत, कारण त्यांच्या धर्मात पुसणं हेही कामच. धर्मानं सुट्टी मिळालेला डस्टर देशात बहुधा मी एकटाच. सामूहिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात आणि धाराशिवात नऊ कमी पडत. म्हणून सर शनिवारी चालत विभागात यायचे, फळ्याकडे बघत बसायचे आणि कुणी आलंच तर तोंडी गणित सांगायचे.

एरवी माणूस तापट. विद्यार्थ्यांना एकच गोष्ट बजावायचे, "भागाकार करण्याआधी खाली वाकून बघा. तिथं शून्य बसलेलं असतं." कारण शून्यानं भागलं की गणितात काहीही सिद्ध करता येतं, अगदी एक आणि दोन समान असल्याचंसुद्धा. ही चूक करणाऱ्याला सर वर्गाबाहेर काढत. एकाला तर त्यांनी डस्टर फेकून मारून बाहेर काढलं होतं. म्हणजे मलाच फेकून. घराण्याचा धंदा सुटत नाही.

सर अकरा वर्षं एका प्रमेयाच्या मागे होते. एखादी संख्या किती तऱ्हांनी फोडता येते, असं काहीतरी. सकाळी लिहायचे, दुपारी वैतागायचे, संध्याकाळी मी पुसायचो. गेल्या उन्हाळ्यात एकदाची सिद्धता जमली. चौदा ओळींची. उमरग्याची शिवप्रिया त्यांच्याकडे पीएचडी करत होती. तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण या प्रमेयावरच उभं राहिलं. प्रबंध छापला, मरून रंगाचं बाइंडिंग झालं, सोनेरी अक्षरं उमटली. सोमवारी सादर करायचा होता.

त्याच्या आदल्या शनिवारी सरांचा निवृत्तीचा निरोप समारंभ होता. विभागप्रमुख रणधीर सरांना वाटलं, मागे ती सिद्धता असली तर फोटो चांगले येतील. म्हणून आमच्या सरांनी शुक्रवारी दुपारी चौदा ओळी सुबक अक्षरात फळ्यावर उतरवल्या.

शनिवारी सकाळी नऊला शिवप्रिया आली. रात्रभर झोपली नव्हती हे दिसत होतं. ती फळ्यापाशी उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, चौथ्या ओळीत आपण ज्यानं भागलंय, ते शून्य होऊ शकतंय. एकच उदाहरण सापडलं मला. पण सापडलं."

सरांनी चौथ्या ओळीकडे बघितलं. मग खिडकीकडे. मग परत चौथ्या ओळीकडे. मग ते खुर्चीत बसले. मला फार वाईट वाटलं. मी दगड नाही, बाभूळ आहे.

दगडोबा झेंडूच्या माळा घेऊन आले होते आणि सगळं ऐकत होते. त्यांनी माळा टेबलावर ठेवल्या आणि मला उचललं. "सर, म्या पुसतो की. मला कुठं शनवार हाय? पाव्हणे चहाला येतेत, फळा कोण वाचतंय? कुणाला कळायचं न्हाय."

खरं सांगतो, मी तयार होतो. चार हात फिरले की काम तमाम झालं असतं. शिवप्रियानंही मान खाली घातली. ती गप्प राहिली असती तर सोमवारी तिचा प्रबंधही बिनबोभाट सादर झाला असता.

"मामा, ठेवा ते खाली," सर म्हणाले. "आज दुसरा कुठला वार असता, तर तुमच्याआधी मीच पुसून मोकळा झालो असतो. म्हणून ठेवा."

समारंभ झाला. रणधीर सरांनी भाषण लिहून आणलं होतं. त्यात ‘अचूकता’ हा शब्द सात वेळा होता आणि त्यांनी तो सातही वेळा वाचला. मग आमचे सर उठले. विजेवर चालणारा माईक त्यांना शनिवारी चालत नाही, म्हणून घसा ताणून म्हणाले, "माझ्यामागे जे लिहिलंय ते चौथ्या ओळीपासून चुकलेलं आहे. शिवप्रियानं ती चूक काढली. त्यात तिचं स्वतःचं प्रकरण पडलं, तरी ती बोलली. बावीस वर्षं मी तुम्हाला वाकून बघायला सांगितलं आणि स्वतः वाकलो नाही. गुडघे दुखत होते असं समजा."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. पहिली टाळी दगडोबांनी वाजवली.

चांदण्या दिसल्यावर सरांनी मला शिवप्रियाच्या हातात दिलं. तिनं फक्त चौथी ओळ पुसायला घेतली. सर म्हणाले, "सगळं पूस." तिनं पुसलं. अकरा वर्षं माझ्या लोकरीत शिरली, सरांना तीन शिंका आल्या, आणि मग ते तिला म्हणाले, "आता जागा झाली. खडू घे."

याला आठ महिने झाले. सर गावी गेलेच नाहीत. रोज येतात, दोघं लिहितात, मी पुसतो. माझी लोकर झिजली आहे. भिंतीवर पांढरा बोर्ड लावायचं ठरलंय आणि त्याला माझा उपयोग नाही. पण बोर्ड लावणाऱ्यांना म्हणावं, घाई नको. प्रमेय अजून सिद्ध झालेलं नाही.

प्रबंध मात्र गेल्या शुक्रवारी सादर झाला, नव्या बाइंडिंगमध्ये. त्याआधी शिवप्रियानं चौथ्या प्रकरणाला सभ्य मथळा दिला होता, ‘एका सिद्धतेतील त्रुटी’. सरांनी तो खोडला. "त्रुटी काय अनाथ आहे? बापाचं नाव घाल तिला." तिनं ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी स्वतः खडू घेऊन फळ्यावर मोठ्या अक्षरात मथळा लिहून दिला: ‘वाक्रूळकर यांची चूक’.

तेवढं माझ्याकडून अजून पुसलं गेलेलं नाही. आणि आज शनिवारही नाही.