सांगितलं तेवढंच

“‘क्राउन विरुद्ध टॉलहर्स्ट या खटल्यात,’ स्वल्पविराम,” कीली म्हणाली आणि थांबली. “नको मिस, स्वल्पविराम नको. खोडा तो.”

ग्लेनिसने एक रेघ मारून स्वल्पविराम खोडला.

“‘...या खटल्यात आरोपी गाडी चालवताना फोनवर मेसेज लिहीत होता, आणि त्यामुळे एका अठरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू ओढवला.’ फुलस्टॉप. भारी आहे ना ही केस? एकाच केसमध्ये सगळं मिळतं. कायदा, अपील, पेपरातली बातमी, सगळं.”

“मला मत देता येत नाही,” ग्लेनिस म्हणाली आणि ‘१८’ लिहून, वाक्य पुरं करून पुढच्या शब्दाची वाट बघत बसली.

“माहितीय हो. तुम्ही म्हणजे रोबोच आहात.”

कीली नूनन बारावीला होती. बोर्डाची परीक्षा सहा आठवड्यांवर आली असताना नेटबॉल खेळताना तिने उजवं मनगट मोडून घेतलं. प्लास्टर जांभळं होतं आणि त्यावर अख्ख्या वर्गाने सह्या करून ठेवल्या होत्या. न्यू साउथ वेल्सचं बोर्ड अशा मुलांना लेखनिक देतं. गावातल्या त्या एकुलत्या एक शाळेत लेखनिक व्हायला मोकळं माणूस एकच होतं, लायब्ररीत पुस्तकांना प्लास्टिकची कव्हरं घालणारी ग्लेनिस हॅगर्टी.

लेखनिकासाठीचे नियम एका पानात मावतात. उमेदवार सांगेल तेवढंच लिहायचं. सुचवायचं नाही, दुरुस्त करायचं नाही, चेहऱ्यावरूनही काही कळू द्यायचं नाही. खोडायचं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. उमेदवाराने मागितलं तर आधी लिहिलेलं वाचून दाखवायचं, एवढीच काय ती मदत. चेहऱ्यावरून काही कळू न देण्यात ग्लेनिसचा हात कुणी धरला नसता. स्टाफरूममध्ये तिच्या वाढदिवसाचा केक कापला तेव्हासुद्धा तिला तो आवडला की नाही, हे कुणालाच कळलं नव्हतं.

त्या निबंधातली अठरा वर्षांची मुलगी म्हणजे ग्लेनिसची जॅसिंटा.

हे शाळेत कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असायचं कारणही नव्हतं. खटल्याला नाव मारणाऱ्याचं असतं, मेलेल्याचं नसतं. जॅसिंटा बापाचं आडनाव लावायची. नवरा केव्हाच दुसरीकडे नांदत होता. खटल्यानंतर ग्लेनिसने माहेरचं आडनाव परत घेतलं आणि समुद्राकाठचं घर सोडून या गव्हाच्या गावात येऊन राहिली. त्याला सहा वर्षं झाली. इथे समुद्र नाही, ओळखीचं कुणी नाही, माश्या मात्र भरपूर.

आणि जॅसिंटा अठराची नव्हती. एकोणीस पूर्ण होऊन तिला अकरा दिवस झाले होते. वाढदिवसाला केक मधोमध खचला, म्हणून मायलेकींनी बेकरीतून एकोणीस लॅमिंग्टन, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेले केकचे चौकोनी तुकडे, आणून प्रत्येकावर एकेक मेणबत्ती लावली होती. पुढे आठवडाभर डब्यात लॅमिंग्टनच. जॅसिंटा केस कापायचं शिकत होती. अकराव्या दिवशी दुपारी सलूनमधून घरी येताना ते घडलं. पेपरात ‘अठरा वर्षीय’ छापून आलं. ग्लेनिसने फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, नोंद घेते. पुढच्या सगळ्या बातम्यांत अठराच राहिले, आणि त्यातलीच एक बातमी कायदा शिकवणाऱ्या पॅस्को सरांच्या फोल्डरमध्ये जाऊन बसली.

मंगळवारी आणि गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, लायब्ररीमागच्या खोलीत दोघी बसायच्या. कीली निबंध पाठ म्हणायची, ग्लेनिस लिहायची. पॅस्को सरांचा हिशेब सरळ होता. दर परिच्छेदात एक कायदा, एक खटला आणि एक बातमी; प्रश्न कसाही आला तरी पहिली दोन वाक्यं वाकवून घ्यायची आणि बाकी पाठ केलेलं ओतायचं. कीलीचं पाठांतरही चोख होतं. पण ऑगस्टच्या सराव परीक्षेत मधेच तिच्या डोक्यात अंधार झाला आणि आठ पानं कोरी राहिली. वॉलोंगाँगला जाऊन कायदा शिकायचं तिने ठरवलं होतं. तिच्या घरात बारावीपर्यंतसुद्धा आजवर कुणी पोचलं नव्हतं.

“पुन्हा तसं झालं तर?” ती विचारायची.

“तर शेवटचं वाक्य वाचायला सांग. मी वाचीन.”

“बस? एवढंच?”

“एवढंच.”

पहिल्या दिवशी घरी आल्यावर ग्लेनिसने टोस्ट भाजला, खाल्ला, टीव्ही लावला आणि वाईट वाटायची वाट बघितली. वाटलं नाही. वाटलं ते इतकंच, की सहा वर्षांत तिच्यासमोर जॅसिंटाबद्दल कुणी एक अक्षर काढलं नव्हतं आणि आता आठवड्यातून दोनदा कुणीतरी बोलत होतं. हे बरं की वाईट, ते तिला ठरवता येईना. गुरुवारी ती वेळेच्या दहा मिनिटं आधीच खोलीत जाऊन बसली.

चौथ्या आठवड्यात कीली शेवटच्या परिच्छेदावर आली.

“‘पीडितेच्या आईने न्यायालयात भावनिक निवेदन वाचलं.’ फुलस्टॉप. यालाही मार्क आहेत मिस, पीडितांचा सहभाग म्हणून. पण तिने वाचलं काय, ते कुणी छापलंच नाहीये. नुसतं ‘भावनिक’. काय म्हणाली असेल हो ती?”

“मला सुचवता येत नाही.”

“अहो, हे निबंधात नाही घालणार मी. सहज विचारतेय.”

“सहज पण नाही.”

“कमाल आहे बाई तुमची!” कीली हसली. “माझ्या आईला कोर्टात उभं केलं असतं ना, तर जज्जला चप्पल मारली असती तिने.”

ग्लेनिस पेनाचं टोपण लावत राहिली. भावनिक वगैरे काही नव्हतं. दोन पानं तिने बसचं वेळापत्रक वाचावं तशी वाचली होती. न्यायाधीशांनी आभार मानले, आणि बाहेर आल्यावर तिला लाज वाटावी इतकी भूक लागली होती. आता तर त्या दोन पानांतली दोनच वाक्यं आठवत होती. त्यातलं एक होतं, ‘माझी मुलगी एकोणीस वर्षांची होती.’

त्याच दिवशी तिने पॅस्कोला स्टाफरूममध्ये गाठलं. तो चहात बिस्किट बुडवत होता.

“डॅरिल, त्या टॉलहर्स्टच्या केसमध्ये मुलीचं वय अठरा दिलंय. ते बरोबर आहे का?”

“पेपरात तसंच आहे. का गं?”

“एकोणीस असावं असं वाटतंय. कुठेतरी वाचलं होतं.”

“अगं, तपासणाऱ्याला कुठे वेळ आहे तेवढा! वयाचे काय मार्क नाहीत.” बिस्किट चहात पडलं. तो चमच्याने ते शोधू लागला. “आणि आता नको बदलायला. पोरांनी अठरा पाठ केलंय. कीलीचं तर ठाऊकच आहे तुला, एक वीट हलवली की भिंत खाली.”

ते खरंच होतं. ग्लेनिस बरं म्हणाली आणि कप विसळून जागेवर ठेवून दिला.

परीक्षेच्या दिवशी कीलीला वेगळी खोली होती. देखरेखीला एक निवृत्त पोस्टमास्तर होते, इस्त्रीचा शर्ट आणि समोर घड्याळ. बाहेर मॅगपाय पक्षी कुणाच्या तरी डोक्यावर झेपावत होता आणि मुलांचा आरडाओरडा ऐकू येत होता. प्रश्नपत्रिका उघडल्यावर कीलीने डोळे मिटले. आलेला प्रश्न पॅस्को सरांनी सांगितल्यासारखाच होता. शिक्षा ठरवताना कायदा पीडित, गुन्हेगार आणि समाज या तिघांना कितपत न्याय देतो?

“लिहा,” ती म्हणाली.

पहिली पाच पानं सुरळीत गेली. सहाव्या पानावर टॉलहर्स्ट आला.

“‘...आणि त्यामुळे एका अठरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू ओढवला.’ फुलस्टॉप.”

ग्लेनिसने ‘१९’ लिहिलं.

हात आपोआप वळला असं ती म्हणू शकली असती, पण तसं नव्हतं. पेन कागदाला टेकलं तेव्हा तिला ठाऊक होतं. एक आकडा. सिडनीत कुणीतरी अनोळखी माणूस शेकडो उत्तरपत्रिकांमध्ये ही वाचेल आणि पुढे जाईल. कीलीचा मार्क जाणार नव्हता. पण एका तरी कागदावर ते बरोबर लिहिलेलं असेल.

मग पुढचं वाक्य आलंच नाही.

ग्लेनिसने वर पाहिलं. कीलीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं टेबलाची कड चाचपत होती. एक मिनिट गेलं, मग दुसरं. पुढचं वाक्य ग्लेनिसला तोंडपाठ होतं. जिल्हा न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा दिली, अपिलात ती तीनवर आली. हे तिला कीलीच्याही आधीपासून पाठ होतं. ती कागदाकडे बघत बसली.

“मिस,” कीलीचा आवाज बसला होता. “शेवटचं वाक्य वाचा ना.”

तिने सांगितलं होतं ते वाचावं की आपण लिहिलं ते? पोस्टमास्तरांनी मान वर केली होती. नियमात लिहिलेलं वाचायचं असतं. ग्लेनिसने वाचलं, नेहमीच्याच आवाजात.

“‘क्राउन विरुद्ध टॉलहर्स्ट या खटल्यात आरोपी गाडी चालवताना फोनवर मेसेज लिहीत होता, आणि त्यामुळे एका एकोणीस वर्षांच्या मुलीचा मृत्यू ओढवला.’”

कोर्टानंतर ते ती पहिल्यांदाच मोठ्याने म्हणत होती.

कीलीच्या कपाळावर आठी पडली. “एकोणीस? मी अठरा म्हटलं होतं, मिस.”

“हो,” ग्लेनिस म्हणाली. “चुकलं माझं.”

“अठराच आहे ते. खोडा ना, प्लीज.”

ग्लेनिसने पेन टेकवलं आणि एकोणीसवर एक आडवी रेघ मारली. वर अठरा लिहिलं. रेघ सरळ आली.

“अठरा,” तिने वाचून दाखवलं.

“हां. अठरा,” कीली म्हणाली. आणि त्या अठराला धरूनच जणू पुढचं सगळं तिला सापडलं. “‘जिल्हा न्यायालयाने चार वर्षांची शिक्षा दिली.’ लिहा मिस, लिहा. ‘अपिलात ती तीनवर आली.’ फुलस्टॉप.” मग ती थांबलीच नाही. ग्लेनिसचा हात भरून आला, तरी ती लिहीत राहिली. चार, तीन, भावनिक, सगळं लिहिलं.

वेळ संपल्यावर कीलीने तिला डाव्या हाताने मिठी मारली. “काय घाबरवलंत मला! सहा आठवड्यांत एक चूक नाही, आणि आजच? पण बरं झालं बघा. ते चुकीचं ऐकलं ना, त्यानेच डोकं जाग्यावर आलं माझं.” आणि ती आईला फोन करत धावत गेली.

पोस्टमास्तरांनी उत्तरपत्रिका पान पान करून तपासली. सहाव्या पानावर थांबून चष्मा वर केला. रेघेखालचे एकोणीस स्वच्छ दिसत होते.

“एवढी एकच दुरुस्ती आहे. उमेदवाराची म्हणू की तुमची?”

“माझी.”

त्यांनी फॉर्मवर हळूहळू लिहिलं, ‘पान ६, लेखनिकाची चूक’, आणि फॉर्म तिच्याकडे सरकवला. खाली छापलेलं होतं, ‘उमेदवाराने सांगितलं तेवढंच मी लिहिलं आहे. माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.’

ग्लेनिसने सही केली. शेजारी तारीख घातली आणि पेन पोस्टमास्तरांना परत दिलं.