बजाबाईच्या हाताची बासरी

ध्वनी आणि देह एकरूप झाले की माणसाच्या साऱ्या वेदना विरघळतात. सोलापुरातल्या त्या उपचार केंद्राच्या दारावर हे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्याखाली जरा लहान अक्षरांत: चपला चोरीला गेल्यास केंद्र जबाबदार नाही.

कुंभारीची बजाबाई तीस वर्षं विड्या वळत होती. होळीच्या आसपास अंगावरून वारं गेलं आणि उजवा हात मांडीवर पडला तो पडलाच. डॉक्टर म्हणाले, चार आठवड्यांत हलला तर हलला. केंद्रातल्या वैष्णवी मॅडम डिझाइन शिकून आलेल्या. त्यांनी खुर्चीसमोर कॅमेरा बसवला होता. हात हलला की भिंतीतून बासरी वाजणार, जास्त हलला की सूर चढणार. सुरामुळे हुरूप येतो आणि हात आणखी हलतो, असं त्या सांगत.

नवरा कुंडलिक रोज बाकावर बसून भिंतीकडं कान लावायचा. तेवीस दिवस भिंत गप्प होती. बजाबाईही.

चोविसाव्या दिवशी पारा चाळिशीपार गेला आणि बासरी वाजली.

मॅडमनी व्हिडिओ काढून पुण्याला मुख्य कार्यालयात पाठवला. कुंडलिक आयुष्यात पहिल्यांदा एकट्यासाठी रिक्षा करून घरी गेला आणि विड्यांचं सूप, तंबाखू, भिजवलेली पानं घेऊन आला. सूप त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं, हात उचलून त्यात ठेवला.

"वळ की एक."

"कशानं?"

"हातानं. वाजतीया न्हवं बासरी."

"वाजतीया. म्या न्हाय हलवला."

"आजी, तुम्हाला जाणवत नसेल," मॅडम म्हणाल्या. "आधी मेंदूला कळतं, मग आपल्याला."

"मेंदूचं ठावं न्हाय बाई. पदर उडतुया हातावर. त्यो पंखा बंद करा."

"लई शानी," कुंडलिक म्हणाला.

बटण त्याच्या डोक्याशीच होतं. दाबायला त्याला बराच वेळ लागला. पंखा मंदावला, तशी बासरी एकेक सूर उतरली आणि थांबली. हात सुपात होता, ठेवला होता तसाच.

मॅडमनी फोनकडं पाहिलं. पुण्याहून टाळ्यांची सहा चित्रं आली होती.

"लावा आता," बजाबाई म्हणाली. "उकडतंय."

कुंडलिकनं पंखा लावला. बासरी वाजू लागली.