तुरकी शिकलेला लोटा

माझ्या काठापासून दोन बोटे खाली, आतल्या बाजूने, एक हिरवी रेघ आहे. ती चहूबाजूंनी एकाच उंचीवर फिरते आणि दोऱ्याहून जाड नाही. नखाने खरवडली तर थोडी भुकटी निघते. महिना-दोन महिन्यांत रेघ पुन्हा भरून येते. पाणी, हवा आणि तांबे जिथे एकत्र येतात, तिथेच तांबे सर्वांत आधी झिजते. पाण्याखाली ते बरेच टिकते, कोरडे असेल तर आणखी टिकते, त्या सीमेवर मात्र टिकत नाही. अशी रेघ पडायला भांड्यात रोज, वर्षानुवर्षे, बरोबर तेवढेच पाणी भरून ठेवावे लागते.

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा लोटा आहे. ही रेघ कशी पडली ते मला तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म कारंज्याचा. एका म्हाताऱ्या तांबटाने मला एकाच पत्र्यातून ठोकून काढले, आतून कथलाची कल्हई केली आणि पोहरादेवीच्या जत्रेत विकायला मांडले. तिथे जवळच्याच बंजारा तांड्यातल्या हिरीबाईने मला घेतले. तिच्या थोरल्या मुलाचे, देवलाचे, लग्न ठरले होते. या लोकांची घरची बोली गोरमाटी. पण मी कारंज्याचा, म्हणून त्यांचे बोलणे मी माझ्या वऱ्हाडीत सांगतो.

देवलाच्या लग्नाला वर्षही झाले नव्हते, तेव्हा मोठी लढाई सुरू झाली. सरकारला खच्चरे हाकणारी माणसे हवी होती. बैलांच्या पाठीवरून माल वाहण्यात बंजाऱ्यांच्या पिढ्या गेलेल्या, त्यामुळे जनावराची ओढ त्यांना उपजत. १९१५ साली देवला निघाला आणि त्याच्याबरोबर त्याचा जिवाचा सोबती हरिसिंग. हिरीबाईने मला देवलाच्या हातात दिले आणि हरिसिंगकडे वळून म्हणाली, "लेका, हा भोळा हाय. याच्यावर ध्यान ठेव."

"काकी, मी हाओ ना," हरिसिंग म्हणाला.

हे वाक्य लक्षात ठेवा.

समुद्र ओलांडून आम्ही इराकात गेलो. तिथे कुत नावाच्या गावात आपली फौज वेढ्यात सापडली. पाच महिन्यांनी गाव पडले आणि सगळे तुर्कांचे कैदी झाले. पुढचे कित्येक आठवडे नुसते चालणे होते. त्या वाळवंटात माझ्यातले पाणी दोघांनी घोटाघोटाने वाटून घेतले. शेवटी उत्तरेच्या डोंगरात रेल्वेचे बोगदे खोदत होते तिथे त्यांना आणून टाकले.

तिथली भाषा कुणालाच येत नव्हती. शिपाई काय ओरडतो ते त्याच्या हातातल्या काठीवरून ओळखायचे. पहिले ऐकणे सुरू केले ते हरिसिंगने. त्याला हळूहळू ओळखीचे शब्द सापडू लागले. हवेला ते हवाच म्हणत, दुनियेला दुनिया, दुकानाला दुकान. आपल्या बोलीसारखेच त्यांचेही क्रियापद वाक्याच्या अखेरीस येते, हेही त्याने हेरले. म्हणजे माणूस बोलायचा थांबेपर्यंत धीर धरायचा, मग अर्थ लागतो. कठीण होते ते आवाज. एका स्वराला ओठ 'ऊ' म्हणायला करतो तसे गोल करायचे आणि जिभेने 'ई' म्हणायचे. हरिसिंगला तो काही केल्या जमेना. मग त्याने युक्ती काढली. माझ्या तोंडाशी तोंड नेऊन तो शब्द उच्चारायचा आणि माझ्या पोटातून परत येणारा आवाज कान देऊन ऐकायचा. चुकला की पुन्हा. असा रोज काम सुटल्यावर तासभर. त्याच्याबरोबर मीही तुरकी शिकलो.

देवला हसून लोळायचा. "काय बे, लोट्याले शिकवून राह्यला काय? त्याले कोनती साहेबाची नोकरी लागनार हाय?"

"लोटा तुह्यापेक्षा हुशार हाय."

"हुशार असनच ना. माह्या मायनं घेतला हाय."

एकदा मात्र देवला हसता हसता थांबला आणि म्हणाला, "हऱ्या, मले बी शिकव ना दोन-चार शब्द. कामापुरते."

"तुले कायले पाह्यजेत?" हरिसिंग म्हणाला. "तू मले सांग, मी त्यायले सांगतो. मी हाओ ना."

त्याच्या मनात वाईट नव्हते. पण त्याचा आवाज माझ्या पोटात रोज घुमत होता, म्हणून त्यातला बदल मला कळला. कैद्यांना औषध हवे असले, पायाला चिंध्या हव्या असल्या, की सगळे हरिसिंगला शोधत. शिपाई त्याला नावाने हाक मारू लागले. आपल्यावाचून कुणाचे अडते, हे त्याला गोड लागले होते.

दुसऱ्या वर्षी, १९१७ च्या थंडीत, छावणीची तांब्याची भांडी कल्हईला आली. खालच्या गावातला म्हातारा कल्हईवाला, ज्याला सगळे 'उस्ता' म्हणत, मदतीला माणूस मागत होता. भाषा येणारा म्हणून हरिसिंगला धाडले. देवलाच्या अंगात तेव्हा बारीक ताप होता.

"दोन दिसात येतो," हरिसिंग म्हणाला. "लोटा घेऊन जातो. याची कल्हई उडाली. नवा करून आनतो तुह्यासाठी."

"नेय," देवला म्हणाला. "चमकव चांगला."

उस्ताच्या दुकानात वाळू टाकून, भांड्यात उभे राहून, कंबर वळवत वळवत भांडी घासत. मग निखाऱ्यावर तापवून नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, आणि कापसाच्या बोळ्याने वितळलेला कथील आत फिरवायचा. कल्हईला ते 'कलाय' म्हणत. हे ऐकून हरिसिंगला घरचे माणूस भेटल्यासारखे झाले. दोन दिवसांत काम संपले. तिसऱ्या दिवशी उस्ताने त्याला जेवायला ठेवून घेतले. त्या पंगतीत हरिसिंगने खच्चराची एक गोष्ट सांगितली आणि घरातली सगळी माणसे पोट धरून हसली. परक्या बोलीत पहिल्यांदाच त्याने कुणाला हसवले होते. पोटापाण्याची बोली सगळेच शिकतात. माणसाला हसवता आले की ती बोली खरी आपली झाली. तो चौथ्या दिवशीही तिथेच राहिला.

आम्ही परतलो तेव्हा मी आरशासारखा झालो होतो. बराकीत देवलाची जागा रिकामी होती. ताप चढल्यावर त्याला वरच्या तंबूत हलवले होते. तिथे आपले कुणी नव्हते. एक तुर्क परिचारक आणि अनोळखी आजारी. तो परिचारक दाराशीच भेटला. चांगला माणूस होता. त्याने हरिसिंगचा हात धरला आणि सांगितले, की तुझा सोबती सकाळी गेला. मग म्हणाला, "काल दिवसभर तो एकच शब्द म्हणत होता. मी पांघरूण दिले, भाकरी दिली, उशी दिली. प्रत्येक वेळी त्याने मान हलवली आणि पुन्हा तेच म्हटले. पानी, पानी. पानी म्हणजे काय रे?"

हरिसिंगला त्याचा शब्दन् शब्द कळत होता.

"सू," तो म्हणाला.

त्यांच्या बोलीत पाण्याला सू म्हणतात. एक अक्षर. परिचारकाने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

हरिसिंगने देवलाला माती दिली. कैद्यांच्या यादीत कुणी नीट नोंद केली नाही. सरकारी कागदावर एवढेच आले, की ठावठिकाणा नाही.

१९१९ साली हरिसिंग मला घेऊन तांड्यात परतला. हिरीबाई धावत आली. तिने आधी मला ओळखले, मग त्याच्या मागे पाहिले.

"लोटा आला. माहा पोरगा कुठी हाय?"

तिच्याशेजारी देवलाची बायको रुखमाबाई उभी होती. कोपरावरच्या पांढऱ्या बांगड्या तिच्या दंडात भरून होत्या. नवरा गेल्याची खबर आली की या समाजात त्या बांगड्या उतरतात. हरिसिंगची नजर तिथे गेली आणि तिथेच अडकली.

"दवाखान्यात हाय, काकी," तो म्हणाला. "येईन मागून."

एक वाक्य. ते मागे घ्यायला सहा वर्षे लागली.

हिरीबाईने मला दाराशी ठेवले. रोज सकाळी ती मला गळ्यापर्यंत भरायची. "देवला उन्हातून येईन तं आधी पानी मांगीन," म्हणायची. हरिसिंग रोज त्या दारावरून जायचा. मला पाहिले की त्याची पावले चुकायची. कल्हई उडाली, तेव्हा तो म्हणाला, "काकी, लोटा दे, कल्हई करून आनतो." तिने मला उराशी धरले. "देवलाच्या हाताचा हाय. घासू बी नाही देनार." अशी ती रेघ पडली.

जत्रेतही ती मला बरोबर न्यायची. तिथे पोरे-माणसे हरिसिंगला घेरायची. "अबे हरिसिंग, तुरकाची बोली बोल ना!" आणि तो बोलायचा. झरझर, न अडखळता, थेट उस्तासारखा. माणसे टाळ्या पिटायची.

"काय मन्लं बे?"

"मन्लं, औंदा कापूस चांगला हाय."

ते खोटे होते, मित्रांनो. ती बोली त्या जत्रेत दोघांनाच कळत होती, त्याला आणि मला. तो म्हणत होता, 'देवला मेला. त्याने मला शब्द मागितला होता, मी दिला नाही. काकी, मला माफ कर.' त्या बोलीतही 'मेला' म्हणायला दोनच अक्षरे लागतात. पण ती त्याने लहानपणी कुणाच्या रडण्यात ऐकलेली नव्हती, म्हणून जिभेवर हलकी होती. हिरीबाई कौतुकाने सगळ्यांत आधी टाळी द्यायची. "आमच्या देवलाले बी येत असन आता अशी," म्हणायची.

मित्रांनो, तुमच्या घरी तांब्याचे भांडे असेल तर त्याला चिंच लावून घासा, वेळच्या वेळी कल्हई करा. हिरीबाईने मला जिवापाड जपले, म्हणून हात लावू दिला नाही. हरिसिंगने तिला जपले, म्हणून खरे सांगितले नाही. त्या जपण्यात मी हिरवा पडलो. ते काही मोठे नुकसान नव्हे. पण देवला लढाईवर निघाला तेव्हा रुखमाबाई अठराची होती, ती वाट पाहत अठ्ठावीसची झाली. तुम्हाला जे येते ते एकट्यापुरते ठेवू नका. कुणी कामापुरते दोन शब्द मागितले तर त्याच दिवशी द्या.

१९२५ च्या चैत्रात तांड्याचे नायक उदयसिंग हिरीबाईच्या दारात येऊन बसले. देवलाचा धाकटा भाऊ सेवालाल आता जाणता झाला होता. थोरला गेला तर त्याच्या बायकोने धाकट्या दिराबरोबर संसार मांडायचा, ही त्यांच्यातली रीत. सेवालाल तिच्यासाठी थांबला होता. पण थोरला जिवंत असताना ते घडणे नाही.

"हरिसिंग, आज गोल गोल नको," नायक म्हणाले. "सेवालालची सोयरीक दुसऱ्या तांड्यात उद्या पक्की होते. देवला हाय का नाही? तू शेवटचा पाह्यला त्याले."

हिरीबाई मधेच म्हणाली, "हाय ना! दवाखान्यात हाय. सांग ना रे."

रुखमाबाईने मला उचलले आणि भरून हरिसिंगच्या हातात दिले. पाणी त्याच्या पायांवर सांडले. तो बोलू लागला, पण तुरकीत.

"घ्या, तुरक आला!" मागून कुणीतरी हसले.

रुखमाबाई हसली नाही. ती त्याच्यासमोर खाली बसली.

"भाऊजी, थे बोली नको. सहा वर्सं ऐकून राह्यली मी. कापसाची गोठ सांगतानी मानसाच्या डोयात पानी काहून येते? मी कोनाची वाट पाहून राह्यली, एवढं तरी आपल्या बोलीत सांगा."

हरिसिंगने मला जमिनीवर ठेवले. त्याने नायकांकडे पाहिले नाही, हिरीबाईकडे पाहिले.

"सेवालालची सोयरीक मोडा," तो म्हणाला. नवी भाषा शिकणाऱ्यासारखा तो अडखळत होता. एकेक शब्द सुटा येत होता. "दवाखान्यात नाही तो, काकी. कुठीच नाही. मी आलो थ्या दिसापासून तुले लबाडी सांगून राह्यलो. काकी, देवला मेला."