बारा मीटर वायर

सृष्टीचं, माझ्या मुलीचं, लग्न झालं ते वर्ष २०२३. वैशाखात ती नांदेडला सासरी गेली आणि वाघोलीच्या आमच्या भाड्याच्या घरात तीन माणसं उरली. मी, माझी बायको मुक्ताई आणि मुलगा सुदर्शन.

मुक्ताईच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस. ते चालत होतं सुदर्शनच्या कंपनीच्या पॉलिसीवर. नोकरी आहे तोवर पॉलिसी, पॉलिसी आहे तोवर डायलिसिस. हे तिघांनाही पाठ होतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नव्हतं.

कंपनीने पुण्यातलं ऑफिस बंद केलं होतं. सगळे घरून काम करत. आमचं घर म्हणजे हॉल, बेडरूम आणि मधल्या बोळात संडास-बाथरूम. मुक्ताईला धाप लागायची, वारा हवा, म्हणून तिची खाट हॉलमध्ये गॅलरीजवळ. इंटरनेटचा डबाही हॉलमध्येच, चपलांच्या कपाटावर. सुदर्शन बेडरूममध्ये दार लावून बसायचा, कारण मुक्ताईचा खोकला मीटिंगमधल्या माणसांना ऐकू जायचा. आणि बेडरूममध्ये वायफाय धड पोचायचं नाही.

त्याचा साहेब दिग्विजय म्हणून होता. लॅपटॉपमधून त्याचा आवाज बाहेरपर्यंत यायचा. "सुदर्शन, परत अडकलास. क्लायंटला रोज तुझा आ वासलेला फोटोच दिसतो. फ्रेम करून लावतील ते आता."

सप्टेंबरात सुदर्शनने नबीलला बोलावलं. तो आमच्या सोसायटीत इंटरनेटच्या जोडण्या करायचा. त्याने फोन हातात धरून हॉलपासून बेडरूमपर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि मधल्या भिंतीवर टकटक केलं.

"काका, ही भिंत आहे का तुरुंग?"

"तुरुंगात एवढं लोखंड घालत नाहीत," मी म्हणालो. "अख्खी काँक्रीटची भिंत आहे ही. आत वीत-वीत अंतरावर सळई. चाळीस वर्षं तेच बांधलंय मी."

"मग तुम्हीच अडवलंय नेट," नबील हसून म्हणाला. मग सुदर्शनकडे वळला. "दोन रस्ते आहेत. बोळात दुसरा डबा लावतो, तो पुढे सिग्नल फेकेल. नाहीतर सरळ वायर ओढतो. माझं विचाराल तर वायर. वायर रुसत नाही."

"वायर नको," सुदर्शन म्हणाला. "आई त्यातून चालणार कशी? डबाच लावा."

मला वायर हवी होती. जे हाताने बांधलंय त्यावरच माझा भरवसा. पण म्हटलं, ज्याची नोकरी त्याला कळतं.

दुसऱ्या डब्याने दोन आठवडे बरं चाललं. मग ऑक्टोबरच्या नऊ तारखेला, सोमवारी, मी मुक्ताईला डायलिसिसहून रिक्षाने आणलं तर सुदर्शन हॉलमध्ये जमिनीवर बसला होता.

"तीनदा तुटलं, आबा. गुरुवारी अकराला सिंगापूरवाल्यांसमोर सगळं काम समजावून द्यायचंय. दीड तास. दिग्विजय म्हणाला, त्यात तुटलं तर माझं नाव यादीत जाणार."

"कसली यादी?" मुक्ताईने विचारलं.

तो तिच्या चपला उचलून कपाटात ठेवायला लागला. तिला कळलं. ती खाटेवर बसली आणि म्हणाली, "मला आत टाका. तू इथं बस डब्याजवळ."

"आणि खोकल्यासाठी दार लावून घ्यायचं का?" मी म्हणालो. "आत खिडकी उघडली की बाजूची भिंत. तिथं धाप लागली तर काय करायचं?"

त्याच संध्याकाळी मी घरमालकाला फोन लावला. आमोदराव नारायण पेठेत राहतात. म्हटलं, भिंतीला बोटाएवढं भोक पाडू द्या, जाताना बुजवून देतो, मी त्याच कामातला माणूस आहे.

"अहो, घर भाड्याने दिलंय तुम्हाला, भिंती नाही दिल्या," ते म्हणाले. "भोकं पाडायची हौस असेल तर स्वतःचं घर घ्या." आणि फोन ठेवला.

मंगळवारी नबील परत आला. भिंतीच्या पोटात विजेच्या वायरींचा पाइप असतो, त्यातून ओढून बघू म्हणाला. पाच फूट गेल्यावर त्याची वायर ओढायची पट्टी अडली. दुसऱ्या टोकाने घातली, तीही अडली. मला न सांगता कळलं. काँक्रीट ओतण्याआधी पाइपाच्या तोंडात कागद कोंबायचा असतो. कुणीतरी तो विसरला की आत सिमेंटचं पाणी शिरतं आणि दगड होतो. असे विसरलेले पाइप मी कितीतरी पाहिले होते आणि आपलं काम सळईचं म्हणून पुढे गेलो होतो.

"जमिनीवरून टाकू," मी म्हणालो. "एका दिवसाचा प्रश्न आहे."

सुदर्शन बोळातून संडासाच्या दारापर्यंत चालून आला. मग म्हणाला, "टाका."

बारा मीटर वायर लागली. नबीलने दोन्ही टोकांना जोड लावून दिले, बाकीचं मी केलं. भिंतीच्या कडेने चिकटपट्टीने बसवत नेली. फक्त बोळात, संडासाच्या दाराआधी, ती आडवी न्यावी लागली. तिथे चिकटपट्टी लादीला धरेना, ओल असायची. वायर दोन बोटं वर उचललेलीच राहिली.

बुधवारी रात्री मी मुक्ताईला हाताला धरून ती जागा दाखवली.

"इथं पाय पडू देऊ नको. पाय पडला की त्याचं बोलणं बंद पडलं म्हणून समज."

साइटवर पाणी मारायच्या पाइपावर कुणी उभं राहिलं की पुढचं पाणी थांबायचं आणि मुकादम ओरडायचा. वायरीचंही तसंच असणार, असं मला वाटलं. सुदर्शनला विचारायला हवं होतं. तो आत उद्याची तयारी करत होता.

"नाही पडू देणार," ती म्हणाली.

गुरुवारी अकराला पाच मिनिटं असताना मी मुक्ताईला पाणी दिलं. "काही लागलं तर टाळी वाजव," म्हटलं. मग खुर्ची घेतली, बाहेर जाऊन बसलो आणि दार ओढून घेतलं. कुरिअरवाला, दूधवाला, कुणी बेल दाबू नये म्हणून. दोघांना मी तोंडावर बोट ठेवून परत पाठवलं. आतून सुदर्शनचा आवाज पुसट येत होता, न तुटता. तो ऐकत मी बसलो. मला बरं वाटत होतं.

पावणेएकला आतून त्याची हाक आली. मी धावत गेलो. बेडरूमचं दार उघडं होतं आणि बोळात मुक्ताई डाव्या कुशीवर पडली होती. सुदर्शन तिच्याजवळ गुडघ्यावर बसला होता. वायर जिथल्या तिथे होती. तिने पाय वायरीच्या खूप वरून उचलून टाकला होता आणि ओल्या लादीवर दुसरा पाय निसटला होता. अर्धा तास तरी ती तशीच पडून होती. लुगड्याचा पदर तिने तोंडात कोंबला होता.

सुदर्शनने तो ओढून काढला. तिने श्वास घेतला आणि पहिलं विचारलं, "तुटलं नाही ना रे?"

"नाही आई."

"माझा पाय नाही पडला वायरीवर."

"अगं, पडला असता तरी काही होत नाही वायरीला!" तो ओरडलाच. "कुणी सांगितलं तुला हे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच उभा होतो.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मलाच वाटलं."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, पॉलिसीतच झालं. दिग्विजयने फोन करून सुदर्शनचं कौतुक केलं, तेव्हा तो दवाखान्याच्या जिन्यात उभा होता. त्याची नोकरी राहिली. ऑपरेशननंतर मुक्ताईच्या छातीत पाणी झालं आणि डायलिसिस तिला सोसेना. सृष्टी नांदेडहून आली, ती शेवटचे चार दिवस जवळ होती. वायरीचं तिला कुणी सांगितलं, ते मी सुदर्शनला अजून सांगितलेलं नाही. सांगायला तोंड उघडतो आणि जेवलास का असं विचारतो.

माझी बायको मुक्ताई शुक्रवारी, ३ नोव्हेंबर २०२३ रोजी, सकाळी सहा वाजता दवाखान्यात वारली.