वळताना पाय कुठे ठेवावा

माझं वय बावन्न, गुडघ्यांचं त्याहून जास्त. आणि माझी मुलगी मोनाली मला शीड लावलेल्या फळीवर उभं राहून तलावात वाऱ्यावर पळायला शिकवत होती. तिला क्लबात शिकवायचं काम हवं होतं. अट एकच: तिच्या एका तरी शिष्यानं क्लबाच्या सरांसमोर न पडता वळून दाखवायचं. आमच्या वस्तीतल्या, कोहक्यातल्या पोरी पाण्याला भ्याल्या. उरले मी.

गुडघे वाकवायचे, कंबर नाही. हात सरळ, नजर पुढे. गच्चीवर पाटावर उभी राहून, झाडूचा दांडा धरून मी हे घोटलं. आमचे हे, शेषराव, म्हणाले, "पोछा माराले एवढी तयारी?"

वळताना पुढचा पाय शिडाच्या काठीपुढे टाकायचा आणि काठीभोवती पटपट पावलं टाकत पलीकडे जायचं. तेही जमायला लागलं होतं. पण परीक्षेच्या सकाळी पाय काठीपाशी आला, थबकला, बाजूला पडला. फळी कलंडली, मी धप्पकन पाण्यात.

पुन्हा चढले. पुन्हा धप्प. काठावर सरांनी घड्याळ पाहिलं. मोनाली होडी घेऊन जवळ आली, अगदी रडवेली.

"आई, परवा तर वळून राहिली होती! पाय पुढं कावून नाही टाकत?"

"तिथं जागा नाही."

"जागा नाही? उधर कबड्डी खेल सकते हैं!"

आता बोलणं भाग होतं. "तिथं 'जय भीम' आहे. त्याच्यावर पाय कसा देऊ?"

मोनाली वाकली. काठीपुढे, अगदी मधोमध, निळं स्टिकर.

"कोणं लावलं?"

"मीच. काल. तुले यश यावं म्हणून."

"मंग सांगितलं कावून नाही?"

"सगळ्यांसमोर येडी ठरली असती ना मी."

"आता लई हुशार ठरून राहिली!"

तिनं नखानं ते अलगद सोडवलं आणि आपल्या कोरड्या डबीत ठेवलं.

मी उभी राहिले. शीड कललं. एक पाय काठीपुढे, दुसरा त्याच्यामागे, दाटीच्या पंगतीत वाढताना टाकतात तशी बारीक पावलं, आणि मी पलीकडे. उभी!

"मोनाली, कल से तुम सिखाओगी!" सर ओरडले.

मी ऐकलं, पण थांबले नाही. थांबायचं मला कोणी शिकवलंच नव्हतं. समोरच्या काठाला म्हशी डुंबत होत्या. मागून मोनालीची होडी धावली.

"आई, शीड सोड!"

"आत्ता कुठं धरता येऊन राहिलं, सोडू कावून? तू म्हशीयले बाजूला कर!"