आधी तुम्ही मारा

शिंप्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता, आणि का होऊ नये? शेजारच्या घड्याळजीने तीन आठवड्यांपूर्वी दुकानावर नवी पाटी चढवली, ती थेट याच्या माडीवरच्या खिडकीवर अर्धी आली. पाटीवर हे एवढं मोठं घड्याळ रंगवलेलं, आणि आत शिंप्याकडे भर दुपारी अंधार. काल तर काळ्या कोटाला निळ्या दोऱ्याची काजं गेली. गिऱ्हाईक कोट तिथेच टाकून तरातरा निघून गेलं. असंच चाललं तर दुकानाला टाळं लागायला कितीसा वेळ!

तो तडक पोलीस ठाण्यात गेला आणि म्हणाला, "घड्याळजीला आत टाका."

हवालदार चहा पीत होता. "का? मारलं त्याने?"

"नाही."

"चोरी केली?"

"उजेड चोरला की माझा!"

"उजेडाची चोरी आमच्या पुस्तकात नाही हो. हे दिवाणी प्रकरण. वकील करा, दावा लावा, तारखांना जा. निकाल तुमचा नातू ऐकेल. फौजदारीला गुन्हा लागतो. त्याने तुमच्या एक कानाखाली वाजवली असती, तर आत्ता उचलून आणला असता."

हवालदार सहज बोलून गेला. पण शिंप्याच्या डोक्यात एकदा काही शिरलं की ते बाहेर काढायची कुणाची टाप नव्हती. एक थप्पड खायची, बस्स! कुठला गाल द्यावा याचा विचार करत तो घरी पोचला.

घड्याळजी आपल्या दुकानाच्या दारातच उभा होता. शिंप्याने कमरेवर हात ठेवले. "काय हो, तुमच्याकडचं एक तरी घड्याळ धड चालतं का?"

"नाही चालत," घड्याळजी हात जोडून म्हणाला.

शिंपी चपापला. हा माणूस एरवी नमस्कार केला तरी भांडायचा! "तुम्ही गाढव आहात!"

"आहेच ना. तुम्ही शिवलेली विजार घातली की लोकही तेच म्हणतात." असं म्हणून घड्याळजीने गाल पुढे केला.

आता मात्र शिंप्याची ट्यूब पेटली. हा लबाड सकाळीच ठाण्यात जाऊन आला असणार! 'शिंपी कात्री दाखवतो' म्हणून रडला असणार, आणि हवालदाराने त्यालाही तेच ज्ञान पाजलं असणार.

"मारा ना," घड्याळजी म्हणाला.

"छे, छे! आधी तुम्ही मारा. वयाने मोठे आहात."

"मोठा कसला? चारच महिन्यांनी. पहिला मान तुमचा."

बघता बघता गर्दी जमली. "मारा की कुणीतरी एकदाचं, आम्हाला कामं आहेत!" एक भाजीवाली ओरडली. तेवढ्यात हवालदारही येऊन ठेपला. एका दिवसात दोन माणसांनी एकमेकांची तक्रार आणली, तेव्हा कोण आधी मारतो ते बघायचं होतं त्याला.

आणि धाडकन आवाज झाला. पाटी खाली! वर खिडकीत स्क्रू-ड्रायव्हर घेऊन शिंप्याची बायको उभी होती.

"झाली! फौजदारी झाली!" घड्याळजी नाचायलाच लागला. "मालाचं नुकसान! हवालदारसाहेब, लिहा!"

शिंपी मध्ये पडला. "मी पाडली पाटी! माझं नाव लिहा!"

"तुम्ही इथे गाल पुढे करून उभे होतात, मीच साक्षीला आहे," हवालदार म्हणाला आणि वर बघून जरा मऊ आवाजात बोलला, "ताई, गुन्ह्याला हेतू लागतो. पाटी चुकून पडली ना?"

"चुकून कशी पडेल? चार स्क्रू मोजून काढले. सुईत दोरा ओवायचा होता मला, हाच हेतू. लिहा." तिने दोन्ही हात खिडकीबाहेर काढले. बोटं सुईने टोचून टोचून लाल झाली होती. "हे मशीनवर बसतात, डोक्यावर दिवा घेऊन. खिडकीशी काजं करत मी बसते. तीन आठवडे दोघं भांडताहेत, पण 'तुला दिसतं का गं' असं एकाने विचारलं नाही. काल निळा दोरा गेला, तर यांनी मलाच आंधळी म्हटलं."

शिंप्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरंच म्हटलं होतं त्याने, आणि गिऱ्हाइकासमोर म्हटलं होतं.

घड्याळजीने मुकाट्याने पाटी उचलली. "माझी काही तक्रार नाही," तो पुटपुटला. "माझ्याच दारावर लावतो."

"आणि तुमची?" हवालदाराने शिंप्याला विचारलं.

"माझीही नाही," शिंपी म्हणाला.

"मग मिटलं," म्हणून हवालदार वळला.

"मिटलं कसं?" वरून आवाज आला. "माझी आहे ना तक्रार. दिवाणी का फौजदारी ते तुमचं तुम्ही बघा, पण दोघांवर आहे. थांबा, मी खाली येते."