कानावरची खपली

पोहायला शिकवणारे मास्तर सहा वर्षांपूर्वी पाण्याबाहेर आले, ते थेट तलावाच्या तिकीट खिडकीत जाऊन बसले. त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या; थोरल्या बहिणीनं स्वतःची एक किडनी दिली, डॉक्टरांनी जन्मभराच्या गोळ्या दिल्या. शरीरानं ताईची किडनी परकी म्हणून झिडकारू नये यासाठी त्या गोळ्या प्रतिकारशक्तीच दाबून ठेवतात. मग कातडीला उन्हाचा मार सोसत नाही, कॅन्सरही होऊ शकतो. त्यामुळे पूर्ण बाह्या, मलम, टोपी. आणि मास्तरांनी तर आधीची वीस वर्षं उघड्या अंगानं उन्हातच काढलेली!

खिडकीतून खोल पाण्याचा फक्त एक कोपरा दिसायचा. तिकडे कुणी हात चुकीचा मारला, की इकडे मास्तरांचा खांदा आपोआप हलायचा. रांगेतले लोक हसायचे. हसू देत. भर दुपारी पाण्यावर उताणं पडून राहायचं, एकदाच, एवढंच त्यांना हवं होतं.

चार महिन्यांपूर्वी उजव्या कानाच्या वरच्या कडेवर खपली धरली. निघायची, रक्त यायचं, पुन्हा धरायची. मास्तरांनी टोपी खाली ओढली. दवाखान्याच्या बाकावर त्यांनी ऐकलं होतं, की एकाच्या अशाच खपलीचा कॅन्सर निघाला, डॉक्टरांनी गोळ्या कमी केल्या आणि किडनी गेली. तेव्हापासून तपासणीलाही ते टोपीसकट बसायचे. रक्ताचे रिपोर्ट चांगले, डॉक्टर खूश.

ताईची नजर मात्र घारीची. डबा द्यायला ती खिडकीशी आली आणि म्हणाली, "टोपी काढ."

"ऊन लागेल."

"छपराखाली? मला शिकवू नकोस."

त्यांनी काढली. ताई कानाकडे बघतच राहिली. "कधीपासून?"

"चार महिने." मग मास्तरांनी सगळंच भडाभडा सांगून टाकलं. "तुझी किडनी गेली तर तुला तोंड कसं दाखवू मी?"

ताईचे डोळे भरले, तरी आवाज चढलाच. "गाढवा, किडनीच जपायची असती तर माझ्या पोटात काय वाईट होती? मला तू हवा होतास!"

मास्तरांनी खिडकी बंद केली आणि बाहेर आले. जाळीपलीकडे कुणीतरी धपकन उडी मारली. मास्तरांचे पाय थबकले.

"अजून ओढ लागते?" ताईनं विचारलं.

"रोज," मास्तर म्हणाले. "रोज लागते, ताई."

ताईनं त्यांच्या हातातली टोपी घेतली आणि त्यांच्या डोक्यावर नीट बसवली. मग दोघं दवाखान्याच्या दिशेनं निघाली.